वाढीव तेरा किलो

१

दार पडलं तेव्हा त्याच्याखाली सायकल होती, आणि सायकलीपासून हातभर अंतरावर मुलगी. सायकलीची पार घडी झाली. मुलीला खरचटलंसुद्धा नाही, पण त्या हातभर अंतराचा विचार करून घरातल्या कुणाला धड जेवण जात नव्हतं.

मी पोहोचले तेव्हा या गोष्टीला दोन दिवस झाले होते. मी पोलीस नाही. मी गॅरेजची दारं बसवते, ती आडव्या फळ्याफळ्यांची, रुळांवरून वर सरकत छताखाली जाऊन झोपणारी. सव्वीस वर्षं हेच करते आहे. सगळे मला दारवाली म्हणतात आणि आता कुणी नावानं हाक मारली तर मी वळूनही बघत नाही. मला बोलावलं होतं नव्या दाराचं माप घ्यायला.

“ताई, जुनं काढा आणि नवं लावा,” फाटकातच घरातला मुलगा म्हणाला. पन्नाशीचा, चष्मेवाला, भला माणूस. “रिमोटचं. मोटरवालं. रिमोट दोनच हवेत, एक माझ्याकडे आणि एक हिच्याकडे.”

“घरात माणसं किती?”

“चार.” तो जरा घुटमळला. “आप्पांना नको आहे. म्हणजे, द्यायचा नाही.”

आप्पा म्हणजे त्याचे वडील. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गाडी बाहेर अंगणात असायची, आणि गॅरेजमध्ये आप्पांचं तराजूंचं दुरुस्तीघर होतं. सोनाराच्या नाजूक काट्यापासून धान्याच्या वखारीतल्या दणकट काट्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे यायचं. चार वर्षांपूर्वी बायको गेल्यावर ते सकाळी आठला गॅरेजमध्ये शिरायचे आणि संध्याकाळी सहाला बाहेर यायचे. दार छातीच्या उंचीपर्यंत उचलायचं, तसंच सोडायचं, खालून उजेड-वारा येऊ द्यायचा आणि कामाला बसायचं, ही बावीस वर्षांची रीत.

“छातीएवढं उचलून दार अधांतरी सोडायचे. टेकू नाही की काही नाही,” मुलगा म्हणाला. “मी कितीदा सांगितलं, खाली दांडा लावा. परवा लावला नाही. विसरले. आता म्हणतात, दांडा कधी लागतच नव्हता. काय बोलायचं, सांगा.”

शनिवारी टेम्पो येणार होता. तराजू, वजनं, हत्यारं, सगळं भंगारात जाणार होतं. त्याआधी गुरुवारी स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. आप्पांनी दोन्हीला मान डोलावली होती, आणि मुलाला तीच खूण सगळ्यात वाईट वाटत होती.

मी मान डोलावली नाही. कारण चांगलं तोललेलं दार अधांतरी राहतं. छातीएवढं उचला, हात काढा, तिथल्या तिथं थांबतं. आप्पा विसरले असतील किंवा नसतील, पण त्यांनी सांगितलेली गोष्ट अगदी खरी होती, आणि घरात ते कुणालाच माहीत नव्हतं.

२

गॅरेज बघून मला आप्पा आवडले. भिंतीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काढलेली होती आणि प्रत्येक हत्यार आपल्या रेषेत. विसरभोळ्या माणसाची भिंत अशी नसते. कोपऱ्यात दुपारी पाठ टेकायला एक खाट. आप्पा टेबलाशी बसून पितळी वजनं फडक्यात गुंडाळत होते. टेम्पोची तयारी.

“या,” ते म्हणाले. “माप घ्या. माझी अडचण नाही.”

दार खाली पडलेल्या जागीच होतं. दुपारचं ऊन दारावर तापलं होतं. बाजूच्या छोट्या दरवाजानं आत येण्याआधी त्याच्या वरच्या फळीला माझा हात लागला आणि मी तो झटकन मागं घेतला, पत्रा इतका भाजत होता. बाहेर, त्याच दाराच्या पायथ्याशी, घरातली पिवळी मांजर पाठ लावून गाढ झोपली होती. मला वाटलं, मांजरांचं काही सांगता येत नाही.

“त्या दिवशी काय झालं, आप्पा?”

“दार उचललं. सोडलं. काट्याला तेल घालत होतो. नात सायकल घेऊन कॉलेजला निघाली, आणि...” त्यांनी हातातलं वजन फडक्यासकट खाली ठेवलं. “मला आठवतंय तसं, मी रोजच्यासारखंच केलं. पण सगळे म्हणतात ते खोटं कसं असेल? मीच काहीतरी विसरलो असणार. हात जड झाल्यापासून डोकंही जड झालं असेल.”

“हात कधीपासून जड झालेत?”

“महिना-दीड महिना. दार उचलताना दम लागायचा. डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले, वय.”

“आणि हे?” टेबलावरच्या दहा किलोच्या लोखंडी वजनाकडे मी बोट दाखवलं.

“ते काय, रोज वरखाली करतो.”

“दम लागतो?”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग वजनाकडे. “नाही,” ते म्हणाले.

तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आल्या. त्या घरीच शिवणकाम करायच्या. गळ्यात मापाची फीत, मधल्या बोटावर सुई टोचू नये म्हणून घालतात ती खड्ड्याखड्ड्यांची धातूची टोपी, अंगुस्तान. कप ठेवतानाही काढलं नव्हतं. चेहरा ताणलेला.

“दारवालीबाई, खिडकी असलेलं दार दाखवा,” त्या म्हणाल्या. “बाहेरून आत दिसलं पाहिजे. मला आता आतलं न दिसणारं दार नको.” आप्पांकडे त्यांनी बघितलं नाही. “माझी पोरगी होती हो त्याखाली.”

आप्पांनी कपबशी उचलली, आणि कप बशीवर वाजायला लागला.

मी शिडी लावून वर चढले.

३

दाराच्या वर, भिंतीला धरून एक आडवा लोखंडी दांडा असतो. त्यावर जाडजूड स्प्रिंग पीळ देऊन बसवलेली असते. दाराचं वजन माणूस उचलत नाही, ती स्प्रिंग उचलते. माणसानं फक्त हात लावायचा. त्यामुळे दार पडलं तर मुख्य शक्यता दोन. स्प्रिंगचा पीळ कमी झाला, किंवा दाराचं वजन वाढलं. तिसरी शक्यता म्हणजे स्प्रिंगला दाराशी जोडणारी तार तुटणं. तारा मी आधीच बघितल्या होत्या, दोन्ही शाबूत.

पीळ बघायची युक्ती सोपी आहे. बसवणारा माणूस पीळ देण्याआधी स्प्रिंगवर रंगाची एक सरळ रेघ मारतो. पीळ दिला की ती रेघ स्प्रिंगभोवती नागमोडी फिरत जाते. जेवढे वेढे, तेवढा पीळ.

“जावईबापूंनी हात लावला होता त्याला,” खालून मुलाचा आवाज आला.

मी शिडीवरच थांबले. “कोणी?”

“माझ्या बहिणीचा नवरा. पलीकडच्याच गल्लीत राहतो. गेल्या महिन्यात आला होता. काही ना काही दुरुस्त केल्याशिवाय त्याला घास उतरत नाही.”

जावईबापूंना बोलावलं तर ते पाच मिनिटांत हजर. खिशात सिलिकॉनची नळी. या घराच्या प्रत्येक खिडकीच्या कडेला, न्हाणीघराच्या बेसिनला, एका फुटक्या कुंडीलासुद्धा पांढरी पट्टी दिसली होती ती यांचीच कृपा.

“स्प्रिंगला काय केलंत?” मी विचारलं.

“करकर करत होती. तेल दिलं.”

“आणि?”

ते माझ्याकडे, मेव्हण्याकडे आणि आपल्या चपलांकडे बघून झाले. “एक स्क्रू जरा ढिला वाटला. आवळला.”

मेव्हण्याचा चेहरा लाल झाला. “तू स्प्रिंगला हात लावलास आणि दोन दिवस गप्प बसलास? इथं आम्ही आप्पांना...”

“आवळलाच ना! ढिला केला असता तर बोल!”

“थांबा दोघं,” मी म्हटलं, आणि स्प्रिंगवरची धूळ फडक्यानं पुसली. खाली पांढरी रेघ होती, बावीस वर्षांची, पुसट पण अखंड. मी बोट ठेवून मोजत गेले. एक, दोन, तीन... साडेसात वेढे. पण मूळचे किती होते हे कळल्याशिवाय त्या आकड्याचा उपयोग काय?

“साडेसात,” खालून आप्पा म्हणाले.

सगळे वळले. आप्पा दाराशेजारच्या भिंतीजवळ उभे होते. तिथं पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरांत दोन ओळी लिहिल्या होत्या: ‘स्प्रिंग साडेसात वेढे. दार ६४ किलो.’

“दार बसवलं तेव्हा मीच वजन करून घेतलं होतं,” ते म्हणाले. “वजन न करता स्प्रिंग निवडायची म्हणजे काय, मला पटेना. तो बसवणारा वैतागला होता माझ्यावर.”

मीही वैतागले असते. पण आता त्या वैतागलेल्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. पीळ साडेसात होता, साडेसातच राहिला होता. जावईबापू सुटले. म्हणजे शक्यता उरली एकच, आणि आप्पांच्या गॅरेजमध्ये काट्यांना तोटा नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्प्रिंगचा पीळ सावकाश उतरवला. हे काम बोलत बोलत करायचं नसतं, त्यामुळे सगळ्यांना बाहेर काढलं. मग मी आणि मुलानं दार वीतभर उचललं, नातीनं आप्पांचा जमिनीवरचा मोठा काटा खाली सरकवला. नात एकोणीस वर्षांची. सायकल गेल्याचं दुःख तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं, कारण घरात सगळे तिच्या जिवाबद्दल बोलत होते. दार काट्यावर टेकलं.

वाचायला कुणी पुढं होईना. शेवटी आप्पाच वाकले. काट्याच्या दांडीवरचं वजन त्यांनी बोटाच्या टोकानं सरकवलं, थांबले, एक खाच मागं घेतलं.

“सत्त्याहत्तर,” ते म्हणाले.

“काटा बरोबर आहे ना, आप्पा?” मुलानं विचारलं, आणि विचारल्यावर त्यालाच लाज वाटली असावी.

आप्पांनी आम्हाला दार पुन्हा वीतभर उचलायला लावलं. दहा किलोचं वजन आणून रिकाम्या काट्यावर ठेवलं. काटा दहावर थांबला. आप्पांनी त्याच वजनाकडे बघत हळू आवाजात म्हटलं, “म्हणजे हात जड झाले नव्हते.”

तेरा किलो. बावीस वर्षं चौसष्ट किलोंचं असलेलं दार सत्त्याहत्तर किलोंचं झालं होतं. दीड महिना आप्पा ते जास्तीचं ओझं रोज उचलत होते आणि आपलं वय झालं असं समजत होते. थोडंफार वाढीव वजन रुळांच्या घर्षणावर निभावतं. पण ते वाढतच गेलं, आणि एका सकाळी निभावलं नाही.

“पण तेरा किलो आले कुठून?” नात म्हणाली. “मावशी, पत्रा काही खातो-पितो का?”

मी एकेकाला विचारलं. दाराला कुणी काही लावलं? मुलानं गेल्या वर्षी रंगाचा एक हात दिला होता. रंग म्हणजे अर्धा किलो, फार तर. नातीनं आतून एक हुक लावला होता, टोपी अडकवायला. हुक मी तळहातावर घेतला, त्याचं वजन काय असणार? जावईबापूंनी दाराला शपथेवर काहीच लावलं नव्हतं, आणि मी दारावर पांढरी पट्टी शोधली, खरंच नव्हती. सूनबाई म्हणाल्या, “मी गॅरेजकडे फिरकतच नाही,” आणि घाईनं आत गेल्या.

मी दाराच्या आतबाहेर हात फिरवला. कुठे वाढीव पत्रा नाही, फळी नाही, खिळा नाही. तेरा किलोंची वस्तू डोळ्यांसमोर होती आणि दिसत नव्हती. मी दारासमोर अंगणात जाऊन बसले आणि डोक्याला हात लावला.

मांजर तिथंच होती. कालच्याच जागी, दाराच्या पायथ्याला पाठ लावून. ऊन चढलं होतं. वरच्या पत्र्यावर पापड भाजले असते, आणि ही बाई पाठ लावून झोपली होती.

मी तिला उचलून बाजूला ठेवलं. तिनं मनापासून नाराजी व्यक्त केली. मग तिच्या जागी मी तळहात ठेवला.

पत्रा गार होता.

५

“वाजवून बघा,” मी आप्पांना म्हटलं.

आप्पांनी बोटाच्या मधल्या पेरानं वरच्या फळीवर टकटक केलं. ठण. दुसऱ्या फळीवर. ठण. खालच्या फळीच्या वरच्या कडेला. ठण. मग हळूहळू खाली येत गेले, आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर आवाज एकदम मेला. ठप.

“आत काहीतरी आहे,” ते म्हणाले. त्यांचे डोळे चमकले. दोन दिवसांत मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

“गाडी कुठं धुता?” मी मुलाला विचारलं.

“इथंच. दर रविवारी. जोराच्या पाण्याचा पंप आहे माझ्याकडे.” त्याला पंपाचा अभिमान होता. “दारावर चिखल उडतो म्हणून दारही धुतो.”

“आणि हे दार पूर्ण वर, छतापर्यंत, शेवटचं कधी गेलं होतं?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गाडी बाहेर राहायला लागल्यापासून कधीच नाही. आप्पांना छातीएवढंच लागायचं. म्हणजे खालची फळी कायम उभीच राहिली होती, कधी आडवी झालीच नव्हती, आणि आडवी झाली असती तर पहिल्या आठवड्यातच सगळ्यांच्या डोक्यावर उत्तर पडलं असतं.

मुलानं आणि जावईबापूंनी दार गुडघ्याएवढं उचलून खाली लाकडी ठोकळे लावले, आणि मी जमिनीवर झोपून दाराच्या खालच्या कडेला टॉर्च मारला. पोकळ फळीच्या तळाला बनवतानाच चार बारीक भोकं ठेवतात. आत गेलेलं पाणी निथळून जावं म्हणून. खालची रबरी पट्टी मी बाजूला सारली. चारही भोकं बुजवलेली होती. सिलिकॉननं नव्हे. नळाची गळती थांबवायला कणकेसारखी मळून लावतात, त्या करड्या लुगदीनं.

“बादली आणा. दोन आणा.”

पेचकसानं पहिलं भोक उघडलं तेव्हा आधी बुडबुड आवाज आला, आणि मग गढूळ, गंजाच्या वासाचं पाणी बोटाएवढ्या धारेनं बादलीत पडायला लागलं. तीन महिने पाऊस नव्हता. ते पाणी रविवारचं होतं, एकामागून एक आठ-नऊ रविवारांचं, वरच्या झिजलेल्या फटीतून आत जाऊन बसलेलं. नात टाळ्या पिटायला लागली आणि मग अचानक रडायला लागली. आप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या हातानं ते बादली सरळ करत होते, कारण थेंब सांडलेला त्यांना चालणार नव्हता.

मुलगा मात्र धारेकडे बघत होता. “माझा पंप,” तो म्हणाला. “मीच भरलं ते.”

“पाणी तुम्ही भरलंत,” मी म्हटलं. “पण भोकं उघडी असती तर ते त्याच दिवशी निघून गेलं असतं.”

“मग भोकं कुणी बुजवली?”

सगळ्यांनी जावईबापूंकडे बघितलं. ते बिचारे दोन पावलं मागे सरकले. “मी लुगदी वापरतच नाही! मला तिचा वाससुद्धा सहन होत नाही!”

ते खरं बोलत होते, हे मला माहीत होतं. भोकातून काढलेला लुगदीचा गोळा माझ्या मुठीत होता. तो उजेडात धरून मी एकदा बघितला आणि मूठ मिटली. वाळून दगड झालेल्या त्या गोळ्यावर दाबल्याची खूण होती. बोटाच्या रेषा नव्हत्या. बारीक बारीक ठिपके होते, रांगेनं, गोल.

६

खरं सांगते, मला तो गोळा गटारात टाकायचा मोह झाला. माझं काम झालं होतं. आप्पांचं डोकं ठिकाणावर होतं, हे आता काट्यानंच सांगितलं होतं. पुढचं नाव घेऊन काय मिळणार? ज्या बाईची पोरगी त्या दाराखाली येता येता राहिली, तिला मी जाऊन सांगायचं? शिवाय मी बाहेरची. माप घ्यायला आलेली.

पण आप्पा अजून विचारत होते. “भोकं आपोआप बुजत नाहीत. मीच बुजवली असतील का? मुंग्या होत्या. मीच बुजवून विसरलो असेन.” सुटका झालेला माणूस पुन्हा स्वतःवर खटला भरायला निघाला होता.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. सूनबाई ओट्याला पाठ टेकून उभ्या होत्या. खिडकीतून त्यांनी सगळं बघितलं होतं. मी मूठ उघडली. त्यांनी गोळ्याकडे बघितलं, मग आपल्या मधल्या बोटाकडे.

“लुगदी हाताला चिकटते,” त्या म्हणाल्या. “म्हणून अंगुस्तानानं दाबली.”

“कधी?”

“दोन महिने झाले. दुपारी त्यांना चहा द्यायला गेले तर ते खाटेवर झोपले होते, आणि मानेवर मुंग्यांची रांग. दारातल्या त्या भोकांतून येत होत्या. झोप मोडू नये म्हणून हळूच बसून बुजवली. चार छिद्रं ती. सांगण्यासारखं त्यात काय होतं?” त्यांनी तोंडावर पदर धरला. “आणि सकाळी तुम्ही विचारलंत तेव्हा आठवलं. दाराला काही लावलं का, म्हणालात. लगेच आत पळाले. म्हटलं, एवढ्याशा लुगदीचं काय वजन असणार?”

“लुगदीचं काहीच नाही.”

“त्यांना भंगारात काढायला निघाले होते मी. त्यांच्या वस्तूंबरोबर.”

मी म्हटलं, मी सांगणार नाही. तुम्हाला हवं तर सांगा. त्या म्हणाल्या, “तुम्ही जरा माझ्याबरोबर चला,” आणि डोळे न पुसताच बाहेर निघाल्या.

गॅरेजमध्ये आप्पा बादल्या काट्यावर ठेवून पाणी मोजत होते. सूनबाई समोर उभ्या राहिल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मुंग्या, लुगदी, अंगुस्तान, सगळं. मुलगा काहीतरी बोलायला गेला, मी त्याच्या पायावर पाय दिला.

आप्पा काट्यावरून त्यांच्याकडे वळले.

“म्हणून मुंग्या गेल्या होय!” ते म्हणाले. “मला वाटलं, मी आता साखर कमी सांडतो.”

सूनबाईंना हसू आलं आणि त्याच वेळी हुंदकाही. आप्पा पुन्हा काट्याकडे वळले, कारण त्यांनाही कुठंतरी बघायला हवं होतं. “साडेबारा,” ते म्हणाले. “अर्धा किलो अजून लागत नाही.”

“रंग,” मुलगा म्हणाला. “मी दिलेला हात.”

“हां. मग जमलं.”

गुरुवारी कुणी डॉक्टरांकडे गेलं नाही. शनिवारचा टेम्पो फोन करून रद्द केला. नातीच्या सायकलीचा सांगाडा मात्र भंगारवाल्यालाच गेला, आणि तेव्हा ती पोटभर रडून घेऊ शकली.

७

दार निवडायला या वेळी आप्पाही बसले. मी पत्र्यांचे नमुने टेबलावर मांडले. मुलाला मोटर हवी होती, सूनबाईंना खिडकी, नातीला निळा रंग. आप्पांनी प्रत्येक नमुना उलटा केला आणि एकच प्रश्न विचारला, “भोकं किती?”

त्यांच्याशी मी एक गोष्ट स्पष्ट बोलले. या वेळी तुम्ही बरोबर होता, आप्पा, पण लोखंड कधीतरी थकतं आणि माणूसही. स्प्रिंग तुटली तरी दार जागच्या जागी पकडून धरणारा ब्रेक मी लावणारच, आणि खाली टेकूचा दांडाही राहील. त्यांनी थोडा विचार केला. “दांडा मी लावीन,” ते म्हणाले. “तुम्ही मला विसरभोळा न म्हणता सांगितलंत म्हणून.” मोटर बसवायची ठरली. रिमोट तीन घ्यायचे ठरले. पण मोटर सुटी करून हातानं उचलायची सोय हवी, हे आप्पांनी दोनदा वदवून घेतलं.

पुढच्या मंगळवारी दार आलं. फेसाचं अस्तर भरलेलं, बंद फळ्यांचं, वरच्या फळीत दोन खिडक्या, रंग निळा. रूळ बसवले, फळ्या एकावर एक चढवल्या, तारा ओढल्या. पीळ देण्याआधी दार काट्यावर ठेवलं. एकोणसाठ किलो. आप्पांनी पेन्सिलीला टोक केलं आणि जुन्या ओळींच्या खाली नव्या दोन ओळी लिहिल्या. मी स्प्रिंगवर सरळ रेघ मारली, जरा जाडच मारली. बावीस वर्षांनी कुणाला तरी ती मोजावी लागेल.

मोटर जोडण्याआधी तोल बघायचा असतो. हे काम मीच करते नेहमी. त्या दिवशी मी बाजूला झाले.

आप्पा पुढं आले. वाकून दोन्ही हातांनी दार धरलं आणि उचललं. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. चेहऱ्यावर आश्चर्य होतं, दार फारच हलकं लागत होतं त्यांना. मग त्यांनी हात काढले आणि एक पाऊल मागं, आत सरकले.

दार थांबलं. हललं नाही.

आम्ही सगळे अंगणात होतो. मुलगा, नात, जावईबापू, मी. आप्पा आत, आम्ही बाहेर, मध्ये अधांतरी एकोणसाठ किलो. नातीनं पाऊल उचललं आणि पुन्हा ठेवलं. मी काही तिला दोष देणार नाही. हिशेब डोक्याला पटलेला असतो, पाय वेगळं ऐकतात. आप्पांनाही ते दिसलं. त्यांनी टेकूचा दांडा घ्यायला हात पुढं केला.

तेवढ्यात घरातून सूनबाई आल्या, हातात चहाची कपबशी. त्या आमच्यामधून वाट काढत सरळ पुढं गेल्या, मान खाली घालून दाराखाली शिरल्या आणि तिथंच, बरोबर दाराखाली, वाकलेल्या उभ्या राहिल्या.

“आप्पा, धरा,” त्या म्हणाल्या. “साखर घातली नाही. तुम्ही सांडता.”

आप्पांनी दोन्ही हातांनी कपबशी घेतली. बशी वाजली नाही.